मांजरीच्या पालकाची सही

"आधी सांगा, हिला खायला कोण घालतं?" असं विचारत सिस्टरबाई अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन उपसायच्या. पेन बाहेर आलं की आमच्या गल्लीतल्या भल्याभल्यांना घरातली कामं आठवायची. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "मग करा सही. पालक म्हणून."

तुमच्याही गल्लीत मांजरी असतील आणि त्यांना कोणीच खायला घालत नसेल. आमच्या चोपड्यातल्या गल्लीतही कोणीच घालत नव्हतं. तरी वीसेक मांजरी सुखाने नांदत होत्या, वर्षातून दोनदा बाळंत होत होत्या आणि वाळत घातलेल्या गाद्यांवर हक्काने घाण करत होत्या. शेवटी एका उन्हाळ्यात मारुतीच्या पारावर बैठक बसली. कापसाचे व्यापारी आबा म्हणाले, "बठ्ठ्या मांजरी पोतामा भरा नि सातपुडामा सोडी या." सगळ्यांनी माना डोलावल्या. नगरपालिकेला अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर माझं बरं म्हणून.

तेवढ्यात सिस्टरबाई उठल्या. "आबा, या गेल्या की दुसऱ्या येतील. पिल्लं थांबवायची तर ऑपरेशन करावं लागतं. दिवाळीपर्यंत मुदत द्या. तोवर एकही मादी राहिली, तर काढा तुमची पोती. पण सगळ्यांचं झालं, तर या इथेच राहतील आणि इथेच म्हाताऱ्या होऊन मरतील."

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळी नोकरी कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत गेलेली. त्यामुळे त्यांना मांजर दिसायचंच नाही, केस दिसायची. मांजर पकडायच्या आदल्या संध्याकाळी त्या दारोदार बजावत फिरत, "उद्या मांजरींचा उपास आहे. कुणी मोडायचा नाही." उपाशी मांजर सुकटीच्या वासाने पिंजऱ्यात शिरायचं, दार पडायचं, वर जुनी चादर, आणि एस.टी.ने जळगावला जनावरांच्या डॉक्टरांकडे. एकदा कंडक्टरने चादरीकडे बोट करून विचारलं, "आक्का, यामा काय शे?"

"पेशंट शे," सिस्टरबाई म्हणाल्या. त्याने बिचाऱ्याने एकाला उठवून खिडकीची जागा करून दिली.

ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डॉक्टर डाव्या कानाचं टोक तेवढं कापत. मग चार दिवस सिस्टरबाईंच्या न्हाणीघरात मुक्काम, आणि जिथून उचललं तिथेच परत. ते चार दिवस बाई स्वतः शेजारी आंघोळीला जात.

सहीशिवाय मात्र केस घ्यायच्या नाहीत. पहिली सही शिंपीचाचांनी केली, उर्दूत, त्यांच्या दुकानात झोपणाऱ्या काळ्या बोक्यासाठी. "सिस्टर, इसको तकलीफ तो नहीं होगी?" असं तीनदा विचारून. मग बाकीचेही कबूल होऊ लागले. आबांच्या घरातूनच दोन सह्या निघाल्या, हे आबांना आजवर माहीत नाही.

दसऱ्याला एकच मादी उरली, कबरी. तिच्यासाठी तीनदा उपास जाहीर झाला आणि तिन्ही वेळा ती पिंजरा हुंगून शेपटी वर करून निघून गेली. "हिचं पोट भरलेलं असतं. कुणीतरी चोरून घालतंय," सिस्टरबाई म्हणाल्या. आबांनी पोती झटकून ठेवायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. मीही पाहिलं.

आता लपवून काय करू? तो मीच. दुपारी घरची माणसं आडवी झाली की मागच्या दाराशी दुधात भाकरी कुस्करून द्यायचो. अर्जात "उपद्रवी" हा शब्दही मीच घातला होता.

अशाच एका दुपारी उकिडवा बसून "ये गं माय, ये" करत होतो. मान वर केली तर समोर सिस्टरबाई, हातात पेन.

"करा सही."

"अहो, पण मी तक्रारदार!"

"असू द्या. तक्रार करणारे पालक मी खूप पाहिलेत."

मी ओशाळून थट्टेवर नेलं. "मांजर काय कोर्टात जाणार आहे, सिस्टरबाई? सही कशाला लागते?"

त्या हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "भाऊ, आमच्या शिबिराला बायका जीपमधून यायच्या. कागदावर अंगठा असला, की काम सुरू. एकदा टेबलावरची एक पोरगी मला म्हणाली, 'आक्का, माले कोनी इचारंच नही.' अंगठा तिचाच होता. मी तिचा हात धरून उभी राहिले, पण डॉक्टरांना थांबा म्हणाले नाही." थोडा वेळ त्या कबरीचं खाणं बघत राहिल्या. "मांजरीला विचारता येत नाही. तिच्या माणसाला तरी विचारते."

मी सही केली. माझं एवढं वाईट अक्षर कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कबरीचा खरा उपास घडला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात सुकट मीच ठेवली, कारण ती माझ्याच हाकेला यायची. आली. दार पडल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. परत आल्यावरही आठवडाभर तिने माझ्या वाटीला तोंड लावलं नाही. दिवाळी आली तेव्हा गल्लीतली प्रत्येक मादी टोक कापलेल्या कानाची होती. आबांनी पोती गोदामात परत पाठवली.

त्याला बरीच वर्षं झाली. मांजरी हळूहळू कमी झाल्या. त्यांना कोणी कुठे नेलं नाही, वयानेच गेल्या. गेल्या हिवाळ्यात सिस्टरबाईही गेल्या. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त.

या चैत्रात एका सकाळी कबरी माझ्या स्कूटरखाली निजली होती, ती उठलीच नाही. दात कधीच पडले होते, डोळ्यांवर पडदा आला होता. चांगली म्हातारी होऊन, आपल्या गल्लीत, आपल्या जागेवर मेली. खड्डा आबांनी खणून दिला. मी हात धुतले, चपला घातल्या आणि हे सांगायला सिस्टरबाईंकडे निघालो. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं.

तिथेच शिंपीचाचांच्या ओट्यावर बसलो आणि मला रडू आवरेना. चाचांनी मशीन थांबवली, कापडाचे गठ्ठे बाजूला सारले आणि मला नीट टेकून बसायला जागा करून दिली.