पगारी वकिलाचं घर

माझे यजमान गोंदियातल्या एका बिडी कंपनीचे पगारी वकील होते. बाकीचे वकील कोर्टाच्या आवारात पक्षकाराची वाट पाहत बसत. ह्यांना पक्षकार एकच, शेठ. महिन्याचा पगार, कंपनीचं दोन खोल्यांचं घर, आणि उन्हाळ्यात जंगलातल्या गावांकडे जायला कंपनीची जीप. मी चौथी शिकलेली. वकील म्हणजे बोलणारा माणूस, असं मला लग्नाआधी वाटायचं. हे घरी बोलतच नसत. ऑफिसातली गोष्ट ऑफिसात, कोर्टातली कोर्टात. जेवताना मीठ मागायचे, तेवढाच आवाज.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेल्यानंतरचे ते दिवस. बिडीचा तेंदूपत्ता कोणी तोडायचा यावरून गावोगाव भांडणं लागली होती. कंपनी म्हणायची, मालगुजाराने सगळ्या गावाचा पत्ता आम्हाला ठेक्याने देऊन ठेवला आहे. शेतकरी म्हणायचे, मालगुजार गेला, त्याचा ठेकाही गेला. आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, झुडूप आमचं. कंपनीच्या बाजूने चोरीच्या फिर्यादी लिहिणं हे ह्यांचं काम.

माझे बाबा सालेकशाकडचे धानाचे शेतकरी. जवाई वकील मिळाला याचा त्यांना फार तोरा. गावभर सांगायचे, आता आपल्याले कोर्टाचं भेव नाही. मी त्यांना समजावून पाहिलं होतं की हे फक्त कंपनीचे वकील, दुसऱ्या कोणाचं काम घेता येत नाही. बाबा म्हणाले, "काऊन? डॉक्टरले सरकार पगार देते, तं तो घरच्याले दवाई देत नाही काय?"

त्या सकाळी ते पॅसेंजरने आले आणि सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसले. हे खुंटीला टांगलेल्या आरशासमोर दाढी करत होते.

"जवाईबापू, मले कोर्टाचं समन्स आलं जी."

"मामाजी, त्याबद्दल माझ्याशी बोलू नका."

"तुमच्याशी नाही तं का बैलाशी बोलू? ऐका. पत्ता मीच तोडला. माझ्याच धुऱ्यावरचा. समदा चिचगडले मावसभावाच्या कोठ्यात ठेवला, वरून धानाची तनस टाकली. दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस येऊन राहिला न्यायले."

"मामाजी, बस!"

हे इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारीण डोकावली. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा. जवाई चोरीवरून रागावला, असं बाबांना वाटलं. मग त्यांनी आणखी खुलासा केला: कोणाचा खासर जुंपला, कोणत्या वाटेने गाडी नेली, सोबत कोण होतं. पोलिसांनी दोन दिवस डांबलं असतं तरी इतकं सांगितलं नसतं.

हे खाली बसले. म्हणाले, "फिर्याद मीच लिहिली आहे. कंपनीकडून. तुमचं नाव माझ्याच हाताने घातलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. "मंग मी बोललो ते वापस द्या."

तेवढ्यात दारात जीप थांबली. कंपनीचे मुनीम उतरले. "वकीलसाब, चलिए. पुलिस को लेना है, माल ढूंढना है." मग त्यांचं लक्ष बाबांकडे गेलं. "ये कौन?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"सालेकसावाले?" मुनीम हसले. "फिर तो वकीलसाब को सब पता चल गया होगा. शेठजी खुश हो जाएंगे."

ह्यांनी उरलेली दाढी केली नाही. टॉवेलने तोंड पुसलं, काळा कोट घातला आणि जीपमध्ये जाऊन बसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गेला सांगाले," बाबा म्हणाले. "मी गाडीनं जाऊन, पायी चिचगडले पोचून माल हलवतपर्यंत जीप दोनदा जाऊन येईल. तुह्या नवऱ्यानं मले जेलात टाकलं, बाई." पाणी ठेवलं होतं, ते न पिता निघून गेले.

मी ट्रंक काढली आणि त्यात माझी लुगडी भरली. रडले वगैरे नाही. ह्यांनी सांगितलं तर मी ह्या घरात राहणार नव्हते, आणि बाप जेलात गेल्यावर माहेरीही तोंड दाखवता आलं नसतं. म्हणजे जायचं कुठे, ते ठरत नव्हतं. ट्रंक दारापाशी ठेवून बसले. दुपारी चूल पेटवली नाही. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की उठायची.

हे दिवस मावळताना आले, पायी. ट्रंक पाहिली.

"सांगितलं?" मी विचारलं.

"शेठने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. ही केस दुसऱ्याला द्या."

"मग?"

"म्हणाले, तनखा हम देते हैं, ससुर नहीं."

"काढून टाकलं?"

"सकाळी बोलावलं आहे." पहिल्यांदाच ऑफिसातली एवढी गोष्ट ह्यांनी घरी सांगितली, आणि शेवटचीही तीच.

सकाळी शेठने नोकरी ठेवली, जीप काढून घेतली आणि बाबांची केस बाहेरच्या वकिलाला दिली. लोकांना वाटलं शेठ मोठ्या मनाचा. मला तसं वाटत नाही. ज्याने सासऱ्याची गोष्ट फोडली नाही, तो आपली कुठे फोडणार, एवढा धंदा शेठला कळत होता. मुनीम पोलीस घेऊन बाबांच्या गावी गेले, घर उकरून आले. चिचगड कोणाच्या डोक्यात आलं नाही. माल सापडला नाही म्हणून पुढे कोर्टाने बाबांना सोडलं.

सुटले त्या दिवशी बाबा आमच्याकडे आले. सपरीवर चढले नाहीत. मला बाहेर बोलावलं.

"त्यानं खरंच सांगतलं नाही?"

"नाही."

"कंपनीचा पगार खाऊन?"

"हो."

बाबा म्हणाले, "मंग तो कंपनीचाही नाही न् आपलाही नाही. असा कसा गं माणूस?"

"आत आहेत. त्यांनाच विचारा."

"मी नाही जात. पुन्हा काई बोलून बसीन."

ते स्टेशनकडे चालू लागले. हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत.