एका प्रश्नाची वाट

ह्यांच्या जाण्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मलाच द्यावी लागली. नंदुरबारच्या दवाखान्याबाहेर लिंबाखाली उभी राहून मी ह्यांच्या आश्रमशाळेत फोन लावला. हेडमास्तर 'हॅलो, हॅलो' करत होते आणि त्यांच्यामागून पोरांचा गलका येत होता... जेवणाची सुट्टी असावी. त्या गलक्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. वाटलं, बोलूच नये, फोन कानाला धरून नुसतं ऐकत राहावं. पोरं ओरडताहेत तोवर हे तिथंच कुठंतरी असतील. पण बोलावं लागलंच.

आम्ही मूळचे कोरीटचे. ह्यांच्या नोकरीपायी खापरला बिऱ्हाड केलं. शाळा वर डोंगरात. तिथल्या नववीच्या पोरांची घरची बोली भिली, मराठी शाळेतली, आणि तिच्या डोक्यावर ह्यांची इंग्रजी. सुरुवातीला सगळी पोरं गाइडमधलं घडाघडा म्हणायची, आमच्या शाळेत सुंदर बाग आहे. बाहेर बघावं तर अंगणात शेळ्या! हे म्हणाले, बागेचं राहू द्या, शेळ्यांचं सांगा. तेव्हापासून शेवटच्या तासाला खऱ्या शाळेच्याच गप्पा सुरू झाल्या. सकाळी कोण उठवतं, डाळ कशी होती, बाकावर शेजारी कोण बसतं. मोडकंतोडकं चालेल, पण कुणी कुणाला हसायचं नाही.

संध्याकाळी घरी आले की हे अंगणातल्या खाटेवर डोळे मिटून पडायचे आणि बोलत राहायचे. घंटा वाजली की रंजना कानांवर हात ठेवते... दिलवर मित्राला जागा देता देता स्वतः अर्धा बाकाबाहेर बसतो... सुमीला खिडकीपाशी झोप येते. मी उंबऱ्यावर भाजी निवडत बसलेली. डोंगर निळे होत जायचे, ह्यांचा आवाज हळू व्हायचा, माझाही डोळा लागायचा आणि कधी न पाहिलेली ती पोरं माझ्या घरातून खुशाल हिंडायची. जागी झाले की कळायचं नाही, ह्यांनी कितपत सांगितलं आणि मला कितपत दिसलं. कधी मीच वैतागून ह्यांना म्हणायचे, "अहो, आपला घरनं बी काही बोला ना."

ह्यांना खंत एकच होती. "उत्तर देतस, पन इचारतस नही." मोठ्यांनी विचारायचं आणि लहानांनी उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची रीत. ती मोडावी म्हणून हे स्वतः जमिनीवर बसायचे आणि पोराला आपल्या खुर्चीत बसवायचे. खुर्चीत बसलेलं पोर काय विचारणार? व्हॉट इज युवर नेम. रोज तेच! हेही रोज गंभीरपणे नाव सांगायचे आणि वर म्हणायचे, "ज्याचं उत्तर तुला माहीत नाही, ते विचार." पोर मान खाली घालायचं. दवाखान्यातसुद्धा मला म्हणाले, "मी परत शाळामा जासू तवय कोनीतरी इचारी." मी म्हटलं, हो, विचारतील. दुसरं काय म्हणणार?

मागच्या आठवड्यात ह्यांचा स्वेटर आणि डबा आणायला शाळेत गेले. व्हरांड्यात पोरं गोळा झाली. कुणी ओळख करून दिली नाही, गरजही नव्हती. मी तिथंच जमिनीवर टेकले. पोरंही बसली. मग तासाची घंटा वाजली आणि एका सावळ्या, उंच मुलीनं कानांवर हात ठेवले; घंटा थांबल्यावर ती पुढं आली. तिचे ओठ हलत होते, शब्द जुळवत असावी. म्हणाली, "मॅडम... सर... ॲट होम... टॉक अस?"

सर घरी आमच्याबद्दल बोलायचे का, असं विचारत होती ती. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांच्यातल्या कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही गंजलेलं.

"यस," मी म्हटलं. "एव्हरी डे, रंजना."

स्वतःचं नाव ऐकलं तशी ती रडायला लागली. मीही मग रडून घेतलं. बातमी दिल्यापासून ते राहूनच गेलं होतं.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि खाटेशी जाऊन बसले. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती, बघू दे म्हटलं.

"अहो," मी म्हणाले, "पोरनी इचारं आज. तुम्हनाबद्दलच इचारं."