खाऱ्या पाण्याची तीन रीडिंगं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. एम.एस्सी. केमिस्ट्री, त्यात मिजासखोर... तुम्ही विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. घडलं तसं सांगतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य. परदेशी मशिनं येऊ लागली होती, तेव्हा आमच्या खत कंपनीनं दिंद्रुडजवळच्या लॅबमध्ये एक वापरलेलं प्लाझ्मा मशीन बसवलं. आर्गॉन वायूला विजेनं पेटवायचं. काचेच्या नळीत निळसर पांढरी ज्योत उभी राहते, तिच्यात पाण्याचा फवारा सोडायचा. प्रत्येक धातू आपापला प्रकाश देतो, त्यावरून कुठला किती ते कळतं.

मशीन चालवायचे धारूरचे अप्पा. मॅट्रिक पास, कपाळावर भस्म, बोलणं मोजकं. खारं पाणी आलं की ते पॉवर हजार वॉटवरून तेराशेवर न्यायचे, बटण हलू नये म्हणून त्याचा स्क्रू आवळायचे आणि तीनदा रीडिंग घ्यायचे.

"सायेब, खारं पानी ज्योतीला लई खातंय," ते म्हणायचे. "तिला जास्त द्यावं लागतंय, न्हाईतर ती खोटं बोलती."

मी हसायचो. जास्त पॉवरनं काचेची नळी वितळेल, हा माझा हेका. दिवाळीनंतर अप्पा हार्ट अटॅकनं गेले. महिनाही झाला नव्हता आणि मी मशीनवर कागद चिकटवला — 'पॉवर १०००. बदलू नये.' आज लिहितानाही लाज वाटते.

उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण सुमन पाण्याची बाटली घेऊन आली. तिला गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेलं. दोनदा दिवस राहिले, दोन्हीदा पोट पडलं; आता चौथा महिना होता. त्यांच्या विहिरीजवळ कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होतं, आणि त्या शिशानंच पोट पडतं, हे तिच्या मनात घर करून बसलं होतं.

"दादा, पानी बघून सांग," ती म्हणाली. "चांगलं निगालं तर माजंच नशीब म्हनीन."

पाणी खारं होतं. हजार वॉटवर एक रीडिंग घेतलं, शिसं जवळपास शून्य. मला हायसं वाटलं. रिपोर्ट लिहायला घेतला... एका हातात पेन, दुसऱ्या हातानं बाटलीतून पाणी ओढणारी नळी धरलेली.

तेवढ्यात ज्योतीचा आवाज बदलला. वर पाहिलं तर वॉटचा काटा सावकाश चढत होता. अकराशे... बाराशे... तेराशेवर येऊन थांबला. मी काहीही दाबलं नव्हतं, तरी प्रिंटर सुरू झाला. एकापाठोपाठ एक तीन रीडिंगं आली आणि तो थांबला. तिन्हींत शिसं होतं, पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर.

बटण तेराशेच्या खुणेवर होतं. स्क्रू आवळलेला — इतका, की मला पक्कडीनं सोडवावा लागला. खोलीत आम्ही दोघंच, मी मशीनपाशी आणि सुमन दारापाशी बाकावर.

"दादा, काय निगालं?" तिनं विचारलं. "शिसं," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिला बीडला आईकडे नेलं. बाळंतपण होईपर्यंत तिनं त्या विहिरीचा थेंब घेतला नाही. मुलगी झाली. भाची आज स्वतः नोकरी करते.

व्होल्टेज म्हणाल, तर उन्हाळ्यात आमच्याकडे ते पडायचं, चढायचं नाही. आणि स्टॅबिलायझरचा काटा जागचा हलला नव्हता. इंजिनिअरनं मशीन उघडून पाहिलं, दोष सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तेराशेवर नेऊन पाहिलं, तेच आकडे आले. कमी पॉवरवर खारं पाणी ज्योतीला थंड करतं आणि शिसं झाकून टाकतं — एवढं शास्त्र मला समजतं. अप्पा बरोबर होते आणि मी चुकलो होतो. पण तो स्क्रू कुणी आवळला, हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मशीनवरचा 'बदलू नये'चा कागद मी त्याच दिवशी फाडला. रिपोर्टखाली माझी सही आहे. शेजारच्या 'रीडिंग घेणारा' या रकान्यात मात्र मी अप्पांचं नाव लिहिलं.