बावीस मिनिटं गॅसवर

मी एकदा गालिचे धुण्याचं पेट्रोलचं मशीन स्वयंपाकाच्या गॅसवर चालवलं होतं. ते बावीस मिनिटं चाललं.

तेव्हा मी पन्नाशीची होते. बाईच्या आयुष्यात पन्नाशीइतकं धोक्याचं वय दुसरं नाही. सुना घरात आलेल्या असतात, गुडघे अजून कुरकुरत नसतात, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी मनाची खात्री पटलेली असते. मला तर ते कळतच होतं! बाकीच्यांना कळत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

राजुरीत आमचा मंडपाचा धंदा. लग्न असो, बारसं असो, नाहीतर दहावा. खांब, कनाती, खुर्च्या आणि गालिचे आमचे. खांबांना काही होत नाही. गालिच्यावर मात्र माणसं बसतात, आणि माणसं बसली की मठ्ठा सांडतो, पान थुंकलं जातं, आणि कुणाचं तरी पोर नेमकं मधोमध मुततं. ते सगळं धुवायला आमच्या मालकांनी पुण्यात कुणाचा तरी बसलेला धंदा बघून एक मशीन उचलून आणलं. (आमच्याकडे नवऱ्याला ‘मालक’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. ते नक्की कशाचे मालक आहेत, याचा शोध मी अजून घेते आहे.)

मशीन म्हणजे लोखंडी गाडा आणि त्यावर पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढली की एका बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा, दुसऱ्या बाजूला परातीएवढा ब्रश गरागरा फिरायचा. मळ्यात विहिरीशेजारी मोठा हौद आहे, तिथं हे चालायचं. विजेचं मशीन घेऊन उपयोग नव्हता, कारण मळ्यातली लाइट तिच्या मर्जीनं यायची आणि तिची मर्जी आमच्यावर कधीच नव्हती.

तक्रार मशीनची नव्हती, पेट्रोलची होती. संध्याकाळी टाकी भरावी, तर सकाळी निम्मी. विचारलं तर मालक म्हणायचे, “उन्हानं उडतं ते.” रात्रीच्या उन्हानं! शिवाय उडालेलं पेट्रोल नेमकं त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीत जाऊन उतरायचं, आणि तिथून त्यांना घेऊन आळेफाट्याला मिसळ खायला जायचं.

अशात मी कुणाकडून तरी ऐकलं की शहरात रिक्षा गॅसवर चालतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिलिंडरला नळी लावून तोंडानं गॅस ओढायचा आणि मोटारसायकलीत सोडायचा, हे मालकांच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. मशीन गॅसवर न्यायचं! इंधन वाचेल, धूर जाईल, हे सगळं मी गावाला सांगायला ठेवलं होतं. खरं कारण मिसळ.

त्याच सुमाराला ओझरच्या एका मंगल कार्यालयाचं काम चालून आलं. सोळा मोठे गालिचे. बुधवारी धुवायचे, गुरुवारी संध्याकाळी टेम्पो येणार, शुक्रवारी त्यांच्याकडे लग्न. काम पसंत पडलं तर दर हंगामाला आमच्याकडेच. आणि या कामावर आणखी एका माणसाचा डोळा होता: माझी थोरली नणंद, शकूआक्का. लोणीला दिलेली. ती सहा बाया घेऊन गालिचे हातापायानं धुवायची. मशीन म्हटलं की तिच्या नाकाला सुरकुती पडायची. कार्यालयाच्या मॅनेजरनं तिला सरळ सांगितलं होतं की, आक्का, ह्या खेपेला राजुरीवाल्यांचं मशीन बघतो, नाय जमलं तर तुमीच हायेत.

म्हणजे मला गालिचे धुवायचे नव्हतेच. मला आक्काला धुवायचं होतं.

औषध फवारायचे पंप दुरुस्त करणारा गणपतभाऊ नावाचा एक फिटर होता, त्याला बोलावलं. त्यानं कुठून तरी गॅसचं किट आणलं, कार्ब्युरेटरला भोक पाडलं, पाइप जोडला. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. फक्त जाताना एक वाक्य बोलला. “वैनी, इंजिन लई गॅस वढतं. एका सिलिंडरवर दम निघायचा न्हाई, दोन जोडा.”

“माझा सगळा स्वयंपाक एका सिलिंडरवर महिनाभर होतो,” मी म्हटलं. “हे काय पुरणपोळ्या करणार आहे?”

तो बिचारा गप्प बसला. मला वाटलं, त्याला पटलं. त्या वयात समोरचा गप्प बसला की मला ते पटलंच असं वाटायचं. (घरचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, हेही मला माहीत होतं. सांगितलं ना, मला सगळं माहीत होतं.)

मग मी त्याहून मोठा शहाणपणा केला. मालकांना माघारी फिरायला वाट राहू नये म्हणून पेट्रोलची टाकी काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. मालक ओट्यावरून टाकी जाताना बघत होते. घरातल्या माणसाला निरोप द्यावा तसे.

बुधवारी सकाळी समारंभ! आमच्याकडे ट्रॅक्टर आला तरी हळदकुंकू लागतं, मग मशीनला का नको? मी मशीनला पाच बोटं ओढली, नारळ फोडला, सिलिंडरला झेंडूचा हार घातला. आणि हे सगळं बघायला आक्काला मुद्दाम लोणीहून बोलावलं. ती वडापच्या जीपनं आली, हौदाजवळच्या बाजल्यावर बसली, आणि हार घातलेल्या सिलिंडरकडे नवरदेवाकडे बघावं तशी वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

गणपतभाऊनं दोरी ओढली. इंजिन सुरू! धूर नाही, वास नाही, आवाज कसा गोड. ब्रश फिरला, पहिल्या गालिच्यातून काळं पाणी वाहिलं आणि खालून मूळचा लाल रंग वर आला. मी आक्काकडे बघितलं. आक्का आभाळाकडे बघत होती.

इथं शहाणी बाई थांबली असती. एका वेळी एक गालिचा भिजवायचा, धुवायचा, मग दुसरा, अशी रीत. पण आक्का आभाळाकडे बघतेय म्हटल्यावर मला चेव आला. सगळे सोळा पसरा म्हटलं, सगळ्यांना साबण लावा! मालक म्हणाले, “अगं, आधी हे तर हू दे.” मी ऐकते होय? हौदापुढच्या खडकाळ पाथरटावर सोळा गालिचे अंथरले, सगळ्यांवर साबणाचं पाणी ओतलं. सगळं रान फेसानं पांढरं झालं.

तिसरा गालिचा निम्मा झाला आणि इंजिन खोकलं. मग धापा टाकायला लागलं. मग ब्रश अर्धा फेरा फिरला, मागे आला, आणि थांबला. बावीस मिनिटं. मालकांनी घड्याळ लावून मोजली होती, तेही हसत.

सिलिंडरकडे बघितलं तर भर चैत्राच्या उन्हात त्याला बर्फ धरलेला! खालून वरपर्यंत पांढरा. झेंडूचा हार गोठून त्याला चिकटलेला. गणपतभाऊ म्हणाला की गॅस एकदम वढला की सिलिंडर गार पडतो, मग गॅस येत नाय, म्हणून तर दोन जोडा म्हणलं व्हतं. एवढं बोलून त्यानं पान्हे पिशवीत टाकले. दुसरीकडे पंप बघायचा होता म्हणे. घरातला दुसरा सिलिंडर रिकामा होता, नंबर लावलेला होता, येईल तेव्हा येणार होता.

आता थंडी वाजणाऱ्याला काय करतात? मी घरात पळाले, जाड गोधडी आणली, आणि सिलिंडरला नीट गुंडाळली. वरून कानटोपी घालायची तेवढी राहिली. तासाभरानं सोडून बघितलं तर आतला बर्फ जसाच्या तसा! बाहेरचं ऊन मी गोधडीनं अडवून धरलं होतं. उन्हात नुसता उघडा ठेवला असता तरी एव्हाना वितळला असता. बर्फाच्या कारखान्यात भुसा टाकतात तो कशासाठी, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि मग मी जे केलं, ते नातवंडांना सांगताना अजून आवाज बारीक करते. मी चुलीतले निखारे घमेल्यात भरले आणि सिलिंडरखाली ठेवायला निघाले. शेक द्यायला!

मी चार पावलं गेले असेन. सकाळपासून बाजल्यावर मुकी बसलेली आक्का उठली, तिनं हौदातली बादली उचलली आणि घमेल्यावर पालथी केली. निखारे, मी, माझं लुगडं, सगळं विझलं.

“सुमन,” ती अगदी सावकाश म्हणाली, “तुला जायचं असंल तर खुशाल जा. माझ्या भावाला कशाला संगं नेती?”

तिनं सिलिंडरचा कॉक बंद केला, मालकांना तो उचलून लांब लिंबाखाली ठेवायला लावला. मग पांढऱ्या पडलेल्या रानाकडे बघितलं. साबण वाळत चालला होता. साबण गालिच्यात वाळला की त्याची खपली धरते आणि डाग कायमचा बसतो. लग्नात तो गालिचा कुणी अंथरत नाही. सोळा गालिचे, दुसऱ्याचे, आणि परवा लग्न.

आक्कानं पदर खोचला. “पाय धुऊन ये,” म्हणाली.

नदीवर गोधड्या तुडवतात तसं ती मला गालिच्यावर तुडवायला लावत होती. मालकांना हौदातून बादल्या, मला पाय, आणि तिच्या हातात खराटा. मी थांबले की खराट्याची काडी माझ्या पोटरीला लागायची. चुकून, असं ती म्हणाली. सोळाही वेळा चुकून. घरातून सुना आल्या तर त्यांना तिनं परत पाठवलं: “ऱ्हाऊ द्या गं, तुमच्या सासूला मशीनची लई हौस.” ज्या बाईला मी माझा थाट बघायला बोलावलं, तिच्यासमोर मी दिवसभर नाचले. आणि प्रवेश फुकट.

सूर्य मावळता मावळता सोळावा गालिचा बांधावर पडला.

गुरुवारी संध्याकाळी टेम्पोबरोबर मॅनेजर आला. गालिचे कोरडे, फुलासारखे. हात फिरवून खूष झाला. म्हणाला, “वैनी, मशीन गॅसवर केलं म्हणं? लई सफाई आली राव. ह्याच मशीनवर धुणार असंल तर हंगामाचं सगळं काम तुमचं.”

गालिचे वाळेपर्यंत मुक्कामाला राहिलेली आक्का तिथंच बसलेली. मालक माझ्याकडे बघतायत. खरं सांगायचं तर काम आक्काचं होतं. ते मला कळत होतं, तिला कळत होतं, मालकांनासुद्धा कळत होतं. मी खोटं बोलले नाही. मी फक्त गप्प बसले. जन्मात मला ते पहिल्यांदाच जमलं, आणि नेमकं तिथंच जमायचं होतं! मॅनेजर खूष होऊन गेला.

टेम्पोची धूळ बसली तसं मला उमगलं की आपण हंगामभराचं काम घेतलंय, आणि हाताशी काय आहे? टाकी नसलेलं, भोक पाडलेलं एक लोखंडी गाडं. त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी आक्काची पिशवी धरली. चार दिवस ऱ्हावा म्हटलं. ती म्हणाली, चार दिवसानं काय हुतंय? काम तिच्या नावावर लोणीला जाणार, मॅनेजरला ती स्वतः सांगणार. तिच्या सहा बाया आहेतच. सातवी जागा रिकामी आहे.

अशी मी लोणीला नणंदेच्या हाताखाली कामाला लागले. मंडपवाल्यांची मालकीण! पुढची आठ वर्षं प्रत्येक हंगामाला. मालक मला मोटारसायकलवर सोडायला यायचे, आणि जाताना मंचरला मिसळ खायचे.

मॅनेजरला आक्कानं काम आपल्याकडे आल्याचं सांगितलं, पण मशीनचं काय झालं ते नाही. तो एकदा लोणीला आला. आम्ही सातजणी फेसात उभ्या होतो. त्यानं इकडेतिकडे बघून विचारलं, “आक्का, राजुरीचं मशीन तुमच्याकडंच आलंय ना? अजून गॅसवरच हाय का?”

आक्कानं खराट्याचा दांडा माझ्याकडे केला.

“न्हाई,” ती म्हणाली. “आता चहावर चालतं. दिवसाला चार कप, साखर जरा जास्त. बोलतं लई, तेवढा एक दोष हाय.”

आणि मशीननं मुकाट्यानं पाय हलवायला सुरुवात केली.