अंगठ्याची सुतळी

आमच्या शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट असते, पडदा असतो, आणि कुत्रं शिरू नये म्हणून झोपताना आडवी फळी टेकवायची. बाकी राखण देवाची. हे बघायला गाड्या भरभरून लोक येतात. पण इथलं पोर पहिल्यांदा बाहेरगावी झोपायला गेलं की काय होतं, ते बघायला कोणी येत नाही.

माझी नात चौथीत. शाळेचं शिबिर निघालं भंडारदऱ्याला, दोन रात्रींचं. माझी म्हातारी गेल्यापासून पोरगी माझ्याजवळ झोपते. सून म्हणते, तिला भीती वाटते. कोणाला वाटते ते पोरीला बरोबर ठाऊक आहे. बस सुटताना खिडकीतून सगळ्यांदेखत ओरडली, "आबा, एकट्याला झोप लागंल का? न्हाईतर उतरते मी!"

"उतरलीस तर तंगडं मोडीन," मी म्हणालो. मनात म्हणालो, उतर बाई.

दिवेलागणीला मॅडमचा फोन. "आजोबा, तुमची नात खोलीचं दार लावूच देत नाही. लावलं की रडते. दुपारी उघडं टाकलं, तर माकडं शिरून सगळ्यांचे लाडू खाऊन गेली. मुली चिडल्यात. ही घरी जायचं म्हणते. सकाळी येता का न्यायला?"

आनंद झाला मला. खोटं कशाला बोलू? शेजाऱ्याची जीप मागायला पायात चपलासुद्धा सरकवल्या. म्हणालो, "द्या तिला."

"आबा, कोंडलंय आमाला. भायेर कोन आलंय ते दिसनार कसं?"

"आगं, कोन येऊ नये म्हनूनच दार लावत्यात."

"मग आपल्याकडं का न्हाई?"

"आपल्याकडं देव हाय."

"हितं न्हाई का?"

मी दुसरीतच शाळा सोडलेली.

तेवढ्यात म्हातारीच आठवली. ती संगमनेरची, कडी-कोयंड्याच्या घरातली. लग्न होऊन आली, रिकामी चौकट बघितली आणि माझ्या आईला विचारलं, "दार दुरुस्तीला गेलंय का?" मग रोज रात्री भिंतीला पाठ लावून बसायची, डोळे टक्क उघडे. शेवटी तिनं फळीला सुतळी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. चोर कधी आला नाही. मी मात्र लघवीला उठलो की फळी सरकायची, अंगठा ओढला जायचा आणि ती 'चोर, चोर' म्हणून माझ्याच पाठीत लाटणं घालायची. पुढं भीती मोडली, पण सुतळी काही सोडली नाही. म्हणायची, "चोरासाठी न्हाई. तुमी कुठं जाता ते कळाया."

हे सगळं पोरीला सांगितलं. ती हसली, नाक ओढलं आणि विचारलं, "मग येऊ का मी उद्या?"

'ये' अगदी जिभेवर होतं. ते गिळून मी विचारलं,

"आजी पळाली हुती का संगमनेरला?"

"न्हाई."

"मग तूबी पळू नगं. दार फटभर उघडं ठेव आन् कडीला नाडी बांध."

पोरगी राहिली. सकाळी मॅडमनी उठवायला दार बाहेर ओढलं, तर पोरगी सतरंजीसकट सरकत उंबऱ्यापर्यंत आली. दुसऱ्या रात्री साऱ्या पोरींनी हट्ट धरला, आमचेबी अंगठे बांधा. एक उठली की अख्खी रांग उठून बसायची.

इकडं मीही म्हातारीची सुतळी शोधून बांधली होती. पहाटे कुत्र्यानं फळी ढकलली, अंगठ्याला हिसका बसला. मी झोपेतच ओरडलो, "आगं, हाड म्हन की त्याला!" कोणी म्हणालं नाही. कुत्रंसुद्धा जरा वेळ थांबलं आणि मग आपणच गेलं.

पोरगी परत आली. बसमधून उतरताच तिनं आधी माझे पाय बघितले.

"आबा, ह्यो वळ कशाचा?"

"चप्पल लागली."

"अंगठ्याला?"

घरी येऊन तिनं फळीची सुतळी सोडली. त्या दिवसापासून सुतळी फळीला नसते. एक टोक तिच्या अंगठ्याला, दुसरं माझ्या. आता ह्या वयात मला रात्री सारखं उठावं लागतं. पोरगी वर्गात पेंगते म्हणून मॅडमचा परत फोन आलाय.