ओ म्हणजे काय

आमची आत्या जंगलखात्याच्या नकाशा कचेरीत पाहणीदार. तीस वर्षं तिने जंगल पायांनी मोजलं: कुठे कोणती झाडं, कुठे झरा, कुठे माती कच्ची. सगळं वहीत, तेही एकेका अक्षरात. पूर्ण शब्द लिहायला हिच्या बापाचं, म्हणजे माझ्याच आजोबांचं, काय जात होतं कोण जाणे!

त्या वहीवरून कॉम्प्युटरवर रंग भरायचं काम माझं. हिरवं म्हणजे राखायचं, पिवळं म्हणजे यंत्रं न्यायला आणि ओंडके रचायला मोकळं. तोड कुठे, रस्ता कुठे, सगळं त्या नकाशावरून ठरतं.

त्या सकाळी आत्या चष्मा पुसत भिंतीवरच्या नव्या नकाशापाशी गेली आणि थबकली.

"हा उतार पिवळा कुणी केला?"

"मी. तू 'ओ' लिहिलंयस. ओ म्हणजे ओसाड ना?"

"अगं बये! ओ म्हणजे ओलसर! खाली झरे आहेत तिथे. वरून टणक दिसतं, आत नुसता चिखल."

त्याच उतारावर आजपासून ओंडके उचलायचं यंत्र माझा सख्खा भाऊ चालवत होता.

फोन लागेना. आम्ही जीप काढली. वाटभर मी स्वतःला शिव्या घालत होते. मेले, एकदा विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं का?

पोचलो तर यंत्र उताराच्या मध्यावर, एका बाजूला कललेलं. इंजिनाच्या आवाजात आमच्या हाका कुठल्या ऐकू जातायत! मी धावणार, तोच आत्याने माझा दंड धरला.

"तू नाही. पाय कुठे टाकायचा ते मला माहितेय."

गुडघ्यांपायी कचेरीचा जिना टाळणारी ही बाई काठी टोचत, वाकडीतिकडी वळत पुढे गेली. मी तोंडावर हात दाबून उभी.

भावाने तिला पाहून इंजिन बंद केलं.

"आत्या, तू इथे?"

"गप उतर. माझ्या पावलावर पाऊल ठेवून ये."

दोघं जेमतेम काठाला लागली आणि मागची जमीन सरकली. यंत्र ओंडक्यासकट खाली गेलं.

भाऊ मटकन बसला. आत्याने वही काढली आणि पेन्सिलीसकट माझ्या हातात दिली.

"तू लिही," ती म्हणाली. "पूर्ण लिही."

मी लिहिलं, ओलसर. चारच तर अक्षरं होती.