आमच्या पंगतीला नव्हता

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड ठाऊक नाही. ऐकून घ्या, बस.

अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही पोरं मिळून जेवणाचा क्लब चालवायचो. भाड्याच्या दोन खोल्या, एक आचारी, आणि पाळीपाळीनं आमच्यातलाच एक जण कारभारी. क्लब सुरू केला बापूसाहेबांनी. आम्ही गेलो तेव्हा ते शिकून बाहेर पडलेले, अकोल्याला डिप्टी कमिशनरच्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर. मग काय — क्लबातल्या एकानं दुसऱ्याला ओढून घ्यायचं, अशी रीतच पडली. कोणी यवतमाळच्या खजिन्यात चिकटला, कोणी नागपूरला. मी तर थर्ड क्लासात रखडत पास झालेला. बापूसाहेब साहेबाला एवढंच म्हणाले, हा आमच्या पंगतीचा आहे. लागलो कामाला.

तुळशीराम माझ्याच वर्गातला, बाळापूरचा. घरचा भाजीचा मळा, माळ्याचं पोर. वर्गणी आमच्याइतकीच भरायचा — पण जेवायला ओसरीवर, ताट वेगळं. आत पंगत आमची. घरून येताना वांगी आणायचा, ती आम्ही आत बसून मिटक्या मारत खायचो. लाज वाटायची का? खरं सांगू — नाही वाटायची. असंच असतं, वाटायचं. मला विषमज्वर झाला तेव्हा पंगतीतले दारातूनच विचारपूस करून गेले. उशाशी बसून राहिला तो हा.

बी. ए. दोघंही झालो, तो माझ्या कितीतरी वर. नायब तहसीलदाराची एक जागा निघाली आणि तो अकोल्याला माझ्या बिऱ्हाडी आला. त्यांच्या घरात मळ्याबाहेर पाऊल टाकू पाहणारा तो पहिलाच. मागे धाकटा भाऊ शिकायचा होता, सगळ्यांचे डोळे ह्याच्याकडे. म्हणाला, "शिफारस नको करू बाप्पा. बापूसायबाले एवढंच सांग का हा बी आपल्या क्लबातला हाये. मंग अर्ज वाचतीन तरी."

सांगतो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं हो.

आता इथंच जीभ अडते. रविवारी बापूसाहेबांच्या पडवीत आम्ही क्लबातले चार जण चहाला जमायचो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विषय काढला — "बाळापूरच्या कोणा तुळशीरामाचा अर्ज आलाय. आपल्या क्लबाचं नाव सांगतो. होता का हो?" त्याच्या वेळचा तिथं मी एकटाच, सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटल्यावर पुढे? माळ्याचं पोर घुसवायला निघाला, असं म्हणतील? उद्या माझी बढती निघाली की गप्प बसतील? कोणी धमकावलं होतं मला? कोणीच नाही. मी आपला बोलून गेलो, "आमच्या पंगतीला नव्हता."

खोटं आहे का हे? नाही ना. तेच तर —

बापूसाहेब "बरं" म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला. तो पिऊन होईपर्यंत मला पुढचं बोलता आलं असतं. मी भजी खात बसलो.

जागा दुसऱ्याला गेली. तुळशीरामला म्हणालो, खूप सांगून पाहिलं, आधीच ठरलेली होती. हे मात्र निखालस खोटं. आणि तो माझीच समजूत घालायला लागला — "काहून मनाले लावून घेतं? तू तं जीव तोडला असशीन." मग तो बाळापूरला गेला, मळ्यावर. भावाची शाळा सुटली. मला बढती मिळाली.

मागच्या महिन्यात मोर्णा नदीपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात गेलो होतो. तुळशीराम भाजीच्या ढिगापाशी बसलेला. शेजारचा बागवान कुरकुरत होता, ओळख नसली तर आपल्या पोरांना कोण विचारतो. तुळशीरामनं माझ्याकडे बोट दाखवलं. केवढ्या अभिमानानं. "ओयख नव्हती असं नाही, चाचा. हे सायेब माह्या क्लबातले. माह्यासाठी लय खपले. माहं नशीबच नव्हतं."

बागवानानं उठून मला सलाम केला. आणि मी — मी मान डोलावली.